काळी चारचा सा आणि पुस्तकातला २४०

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात स्वर आणि कंपनसंख्या यांच्या नात्याविषयीचे प्रश्न बरेच आले. त्यांपैकी नागपूरच्या वाचकांचे पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लांबली आहेत, कारण पुढच्या उत्तरांचा पाया तेथेच आहे.

प्रश्न : माझी मुलगी एका गुरुजींकडे गाणे शिकते. ते तिला काळी चारमध्ये गायला सांगतात. मोबाइलमधल्या ट्यूनर अ‍ॅपवर तिचा सा २०६ ते २०९ हर्ट्झच्या दरम्यान दिसतो. परीक्षेच्या पुस्तकात मात्र मध्य षड्जाची आंदोलनसंख्या २४० दिली आहे. मुलगी चुकते आहे, पुस्तक चुकले आहे, की अ‍ॅप?
— एक पालक, महाल

उत्तर : यांपैकी कोणीही चुकलेले नाही. अ‍ॅप जे मोजते ती कंपनसंख्या आहे. गळ्यातून निघालेला आवाज हवेला सेकंदात किती वेळा हलवतो, एवढेच ते सांगते. शाळेच्या पुस्तकात तिला वारंवारिता म्हणतात, संगीताच्या जुन्या पुस्तकांत आंदोलनसंख्या म्हणतात, आणि हर्ट्झ हे तिचे एकक आहे. सा, रे, ग ही नावे मात्र अशा एखाद्या संख्येची नावेच नाहीत. ती दोन कंपनसंख्यांमधल्या प्रमाणाची नावे आहेत, आणि त्या प्रमाणातली पहिली संख्या गाणाऱ्याने आपल्या गळ्याच्या सोयीने निवडायची असते.

‘काळी चार’ हे पेटीच्या पट्टीचे नाव आहे. पेटीच्या पट्ट्यांची कंपनसंख्या आज जगभर एकाच संकेताने ठरते : १९३९ साली लंडनमध्ये झालेल्या परिषदेत मध्य सप्तकातील पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरावी असे ठरले आणि बाकीच्या पट्ट्या तिच्यावरून मोजल्या जाऊ लागल्या. त्या हिशेबाने तिच्या खालच्या सप्तकातली, म्हणजे आपली मुलगी ज्या पट्टीत गाते ती, काळी चार २०७.६५ हर्ट्झची येते. अ‍ॅपवरचा आकडा तिच्याच आजूबाजूला हलतो आहे. २०६ ते २०९ हा फरक डोळ्यांना मोठा वाटला, तरी कानाच्या मापाने तो अर्ध्या स्वराच्या (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) पाव भागाएवढा आहे, आणि शिकाऊ गळ्याने एवढे हलणे यात काळजीचे काही नाही.

आता पुस्तकातला २४०. या संख्येला २, ३, ४, ५, ६ आणि ८ यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून तिच्यावर स्वरांची प्रमाणे मांडली की सगळी उत्तरे पूर्णांकात मिळतात. सा २४०, रे २७० (९:८), ग ३०० (५:४), म ३२० (४:३), प ३६० (३:२), ध ४०० (५:३), नी ४५० (१५:८) आणि वरचा सा ४८० (२:१). विद्यार्थ्याला गणित सोपे जावे म्हणून धरलेली ही संख्या आहे. गंमत अशी की आजच्या कोणत्याही पेटीवर २४० ची पट्टीच नाही : काळी पाच २३३.०८ ला आणि तिच्या पुढची पांढरी सात २४६.९४ ला बोलते, आणि पुस्तकातला षड्ज या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो. ‘सा म्हणजे २४०’ असे जी मुले पाठ करून परीक्षेला जातात, त्यांना ही एक गोष्ट आधी सांगितली जावी असे मला फार वाटते.

हीच प्रमाणे आपल्या मुलीच्या सा ला लावून पाहा. सोयीसाठी तो २०८ धरू. मग तिचा रे २३४, ग २६०, म सुमारे २७७.३, प ३१२, ध सुमारे ३४६.७, नी ३९० आणि वरचा सा ४१६ येईल. एकही आकडा पुस्तकाशी जुळत नाही आणि तरीही एकही स्वर चुकलेला नाही, कारण २६० चे २०८ शी जे नाते आहे तेच ३०० चे २४० शी आहे.

येथे वजाबाकी करण्याचा मोह टाळावा लागतो. तिच्या मध्य सप्तकात सा आणि रे यांच्यामध्ये २६ कंपनांचे अंतर आहे. मंद्र सप्तकात सा १०४ आणि रे ११७, म्हणजे अंतर १३ वर येते. तार सप्तकात सा ४१६ आणि रे ४६८, म्हणजे अंतर ५२ होते. तीन ठिकाणी तीन वेगळी अंतरे, पण कानाला तिन्ही ठिकाणी तीच सा-रे ही उडी ऐकू येते. कान बेरीज करीत नाही, गुणाकार करतो.

आपल्याकडे हे प्रमाण तारेच्या लांबीवरून फार पूर्वी ओळखले गेले होते. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’मध्ये वीणेच्या तारेचे भाग पाडून स्वरांच्या जागा सांगितल्या. तार ३६ इंचांची धरली, तर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, बरोबर मध्यावर १८ इंचांना येतो, मध्यम २७ ला आणि पंचम २४ ला. ताण तोच ठेवून तार जितक्या पटीने आखूड करावी तितक्या पटीने कंपनसंख्या वाढते, म्हणून ३६ भागिले २४ म्हणजे ३:२, आणि ३६ भागिले २७ म्हणजे ४:३. ज्याच्या नावाने आज आपण कंपने मोजतो तो हाइनरिश हर्ट्झ १८५७ साली जन्मला. त्याच्या कितीतरी आधी, सेकंदाला किती कंपने होतात हे न मोजताही, पंचम काटेकोरपणे सांगता येत होता. प्रमाण कळले की मूळ संख्येवाचून अडत नाही, ते असे.

मुलीला अ‍ॅपच्या काट्याकडे बघून रियाज करू देऊ नये, एवढी विनंती. तंबोऱ्याची जोड मिळाली का, हे पाहण्यापुरते ते यंत्र चांगले आहे.

प्रश्न : तंबोरा मिळवून झाला की आमच्या बाई विचारतात, “गंधार ऐकू येतोय का?” तंबोऱ्यात तर पंचम, जोडीचे (सारखे मिळवलेले दोन) सा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, एवढ्याच तारा असतात. आता मला तो गंधार खरोखर ऐकू येऊ लागला आहे. पण त्याच वेळी पेटीवरची गंधाराची पट्टी दाबली, तर आवाज थरथरल्यासारखा होतो. माझ्या पेटीत दोष आहे का?
— एक विद्यार्थिनी, धंतोली

उत्तर : पेटीत दोष नाही, आणि आपला कान तयार होतो आहे याचे अभिनंदन. छेडलेली तार एकाच कंपनसंख्येने कधीच हलत नाही. ती सबंध हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांत हलते. आपला सा २०८ चा असेल तर खर्ज १०४ चा असतो, आणि त्या एका तारेतून १०४, २०८, ३१२, ४१६, ५२०, ६२४ अशी कंपने एकाच वेळी निघतात. यांत २०८ आणि ४१६ हे वरचे षड्जच आहेत. ३१२ हा आपला पंचम आहे. ५२० हा तार सप्तकातला गंधार आहे, २६० ची बरोबर दुप्पट. तो कोणी वाजवलेला नाही, तो खर्जाच्या पोटातच आहे. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

इतर वाद्यांच्या तारांतही हे वरचे स्वर असतात, पण तंबोऱ्यात ते इतके स्पष्ट ऐकू येतात याचे कारण जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची खास घडण. घोडीचा माथा धारदार नसून किंचित गोलसर, रुंद असतो आणि तार त्याच्यावर घासत हलते. खालून घातलेला सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवला की तार एकदम ‘बोलू’ लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहून दाखवले, की एरवीच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली असता जे स्वरांश, म्हणजे तारेतले वरचे स्वर, निघायला नकोत, ते या घोडीमुळे जोरकसपणे निघतात. गांधीसागर तलावाजवळच्या विज्ञान केंद्राला ज्यांचे नाव आहे तेच हे रामन. १९१० च्या सुमारास ते अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते.

आता थरथरीचे कारण. पेटीवर आपला सा काळी चार असेल आणि सोयीसाठी तीही २०८ ची धरली, तर तिचा गंधार २६० चा नसून २६२ पेक्षा किंचित वरचा असतो. त्याच्या दुपटीचा स्वरांश ५२४ च्या जवळ जातो, तंबोऱ्यातून मात्र ५२० येत असतो. दोन जवळजवळच्या कंपनसंख्या एकत्र वाजल्या की त्यांच्या फरकाइतक्या वेळा आवाज सेकंदाला चढतो आणि उतरतो. येथे फरक चारचा आहे, म्हणून सेकंदाला चार लहरी. घड्याळ समोर ठेवून त्या मोजूनही पाहता येतील. धैवत आणि निषाद यांचीही गत अशीच आहे, धैवताची तर अंमळ अधिकच. पंचम मात्र पेटीवर ३११.६५ चा येतो, म्हणजे ३१२ ला जवळजवळ चिकटलेला, म्हणून तेथे आपल्याला काही खटकत नाही.

पेटी अशी का करतात, याचे उत्तर एका न जमणाऱ्या हिशेबात आहे. सा पासून पंचमाच्या बारा उड्या मारल्या की आपण पुन्हा सा वर, सात सप्तके वर, पोचायला हवे. पण एकाला दीडाने बारा वेळा गुणले तर १२९.७५ येतात, आणि सात सप्तके म्हणजे दोनाचा सातवा घात, १२८. हा लहानसा फरक कोठे तरी मुरवावाच लागतो. पाश्चात्त्यांनी तो बाराही स्वरांत सारखा वाटून टाकला : प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या १.०५९५ पट. त्यामुळे कोणत्याही पट्टीला सा मानून गाता येते, आणि त्याची किंमत म्हणून सप्तक सोडले तर एकही प्रमाण पूर्ण शुद्ध राहत नाही. आपल्या संगीतात षड्ज मैफलभर हलत नाही आणि तंबोरा सतत कानाशी असतो, म्हणून ही किंमत आपल्याला जास्त जाणवते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारे बंद केली आणि ती बंदी तीन दशके टिकली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. दुसरे मोठे कारण म्हणजे पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही. माझे मत विचाराल तर बंदी अन्यायाची होती, पण तक्रार खरी होती. आज पेटीवाले मागणीप्रमाणे ‘गंधार ट्यूनिंग’ करून देतात, म्हणजे एक षड्ज धरून पितळी सूर घासून शुद्ध प्रमाणात आणतात. अशी पेटी तंबोऱ्याशेजारी फार गोड लागते, मात्र मग सा बदलता येत नाही.

एक प्रयोग करून पाहा. माझ्या घरी आईचा जुना तंबोरा आहे, त्यावर मी तो लहानपणी पहिल्यांदा पाहिला. बोटाच्या पेराएवढ्या कागदाची मधोमध घडी घालून ती जोडीच्या एका तारेवर स्वार करावी आणि दुसरी जोड हलक्या हाताने छेडावी. तारा मिळालेल्या नसतील तर कागद नुसता बसून राहतो. मणी सरकवत जावे, आणि दोन्ही तारा एका कंपनसंख्येवर आल्या की कागद थरथरू लागतो आणि खाली पडतो. त्या तारेला आपण स्पर्शही केलेला नसतो. मग कागद पुन्हा तेथेच ठेवून खर्ज छेडावा. खर्ज जुळलेला असेल तर कागद पुन्हा हलतो, कारण १०४ च्या तारेतला २०८ त्याला हलवतो. सूर मिळणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही समीकरणाआधी त्या कागदाने शिकवले.

प्रश्न : बावीस श्रुतींच्या नेमक्या कंपनसंख्या कोणत्या? सप्तकाचे बावीस सारखे भाग केले की त्या मिळतात का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : श्रुती म्हणजे सप्तकातल्या स्वरांमधली सूक्ष्म अंतरे. सारखे भाग करून त्या मिळत नाहीत. नाट्यशास्त्रात भरताने षड्जग्रामात, म्हणजे त्या काळच्या एका मूळ स्वररचनेत, सा पासून अनुक्रमे ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा श्रुती सांगितल्या आहेत, त्यांची बेरीज बावीस. तेथे कोणताही आकडा कंपनांचा नाही. सारख्या मिळवलेल्या दोन वीणा घेऊन, एकीचा पंचम थोडा उतरवून, तिच्या बाकीच्या तारा त्याप्रमाणे लावून, दोघींची तुलना करायला त्याने सांगितले आहे. बावीस सारखे भाग केले, तर सा पासून तेरा श्रुतींवर असणारा पंचम ३:२ च्या जागेवर न पडता थोडा वर जातो, आणि ज्या पंचमावर सगळी उभारणी आहे तोच बेसूर करणारी वाटणी मान्य करता येत नाही.

आधुनिक काळात श्रुतींची प्रमाणे मांडण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहून प्रत्येक श्रुतीला गुणोत्तर दिले. अशा मांडणीत श्रुती सारख्या नसतात, लहानमोठ्या असतात. सर्वांत लहान ८१:८० ची. आपल्या वरच्या उदाहरणात २०८ च्या सा वर ९:८ चा रे २३४ चा येतो आणि १०:९ चा रे सुमारे २३१.१ चा. या दोघांमधले अंतर म्हणजे ती श्रुती. तंबोऱ्यासोबत दोन्ही रे लावून पाहिले, तर पहिला पंचमाशी नीट जुळतो आणि दुसरा धैवताशी.

तरीही श्रुतींचा तक्ता भिंतीवर लावून राग गाता येईल असे मला वाटत नाही. दरबारी कानड्यातला कोमल गंधार एका आकड्यावर उभाच राहत नाही, तो आंदोलित असतो, आणि त्याची ओळख त्या झुलण्यातच आहे. भैरवातल्या कोमल ऋषभाचेही तसेच. अशा ठिकाणी एका कंपनसंख्येपेक्षा स्वर कोठून निघतो, कोठपर्यंत जातो आणि किती सावकाश परततो, हे मोजावे लागेल.

प्रश्न : ४३२ हर्ट्झचे संगीत ऐकल्याने आजार बरे होतात, म्हणून ४४० सोडावे, असे संदेश येतात. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, सदर

उत्तर : नाही. ४३२ आणि ४४० यांत अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही फरक नसतो. फ्रान्सने १८५९ साली ४३५ ठरवले होते, पुढे ४४० आले. हे सगळे वादकांना एकत्र वाजवता यावे म्हणून केलेले संकेत आहेत. शिवाय आपला षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे बदलतो, तेथे पांढरी सहाचा आकडा मनावर काय परिणाम करणार? औषधोपचार मात्र अशा संदेशांच्या भरवशावर थांबवू नयेत.

प्रश्न : मी बासरी वाजवतो. डिसेंबरात पहाटे पेटीशी जुळणारी माझी बासरी मे महिन्यात चढी लागते. सोबतचा सतारवादक उलट म्हणतो, की त्याच्या तारा उतरतात. एकाच उन्हाचा दोघांवर उलटा परिणाम कसा?
— एक वादक, रामदासपेठ

उत्तर : आपण दोघेही बरोबर ऐकत आहात. बासरीत हलते ती हवा. नळीची लांबी तीच राहते, पण तापलेल्या हवेत ध्वनी वेगाने धावतो, आणि त्याच प्रमाणात कंपनसंख्या वाढते. शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. नागपूरची डिसेंबरातली १० अंशांची पहाट धरली तर तो ३३७ येतो, मे मधली ४५ अंशांची दुपार धरली तर ३५८. भागाकार करून पाहा : १.०६. पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमध्ये जे प्रमाण असते, जवळजवळ तेच! म्हणजे आपल्या शहराचा हिवाळा आणि उन्हाळा यांच्यामध्ये, कागदावर तरी, अख्खा अर्धा स्वर बसतो. प्रत्यक्षात आपली उष्ण फुंकर थंडीतही नळीतली हवा तापवत असते, म्हणून फरक याहून कमी ऐकू येतो, पण ऐकू येतो हे नक्की. पेटीचा स्वर पितळी सुराच्या लांबी-जाडीवर ठरतो, त्यावर हवेच्या तापमानाचा परिणाम फारच थोडा, म्हणून ती जागेवर राहते आणि बासरी तिच्यापासून सरकते.

सतारीत हलते ती पोलादी तार. उष्णतेने ती किंचित लांबते, तिचा ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. तबल्याची गोष्ट तिसरीच आहे. तेथे चामड्यातला ओलावा महत्त्वाचा. कोरड्या उन्हात चामडे आखडते आणि तबला चढतो, पावसाळ्यात ते ओल धरते आणि तबला उतरतो. आपल्याकडे घरोघरी कूलर लागलेले असतात, तेव्हा बाहेर कडक ऊन असले तरी खोलीतली हवा दमट असते, आणि कूलरच्या झोतात ठेवलेला तबला भर मे महिन्यात पावसाळ्यासारखा वागतो. वादक मग हातोडीने गट्टे ठोकून बेजार होतात.

डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या वातानुकूलित ठिकाणी कार्यक्रम असेल, तर वाद्ये खोळीतून काढून निदान अर्धा-पाऊण तास आधी रंगमंचावरच्या हवेत उघडी ठेवावीत. बासरी फुंकून गरम करून घ्यावी आणि मगच तिचा सा बाकीच्यांना द्यावा. बासरीचा स्वर बदलता येत नाही, तारांचा आणि तबल्याचा बदलता येतो, म्हणून मिळवणीचा क्रम आधी बासरी, मग तंबोरा आणि सतार, आणि सगळ्यांत शेवटी तबला असा ठेवावा. सोबत पेटी असेल तर तिचाही स्वर बदलत नाही, अशा वेळी निरनिराळ्या लांबीच्या दोन-तीन बासऱ्या जवळ ठेवून त्या हवेत पेटीशी जुळेल ती निवडावी.